परवास

सांगलीच्या यार्डात सौदे निघायच्या आधी
मी पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचो.
मूठभर हळकुंडं नाकाशी धरली की सांगायचो,
ही राजापुरी, ही सेलम,
ही पावसात भिजवून पुन्हा वाळवलेली,
आणि ही, मालक, रागावू नका,
हरिपूरच्या पेवात एक उन्हाळा जास्त झोपलीय.
लोक म्हणायचे,
आदगोंडाचं नाक म्हणजे काटा.

तापातून उठलो तेव्हा महिनाभर काहीच नव्हतं,
नुसती चुन्याची भिंत.
मग एका सकाळी चहातून
जळक्या टायरचा धूर आला.
त्रिशलाला विचारलं, गॅसवर काय राहिलंय?
ती म्हणाली, आलं जास्त घातलंय, तुमच्यासाठी.

पुढं मोगऱ्याचं रॉकेल झालं.
टूथपेस्ट नासली.
जिच्यावर घर बांधलं, धाकटीचं लग्न केलं,
ती हळद
ओल्या कुत्र्यासारखी अंगावर आली.
आणि त्रिशलाच्या मानेला
गंजक्या नळाचा वास.
हे मी तिला सांगितलं नाही.
कूस बदलली, एवढंच.
ती दिवसातून तीनदा अंघोळ करू लागली.

विश्रामबागेतल्या मगदूम डॉक्टरीणबाईंनी
चिठ्ठीच्या मागं लिहून दिलं: पॅरॉस्मिया.
ग्रीक आहे, म्हणाल्या.
पॅरा म्हणजे बाजूला, पलीकडं, वाट सोडून.
ऑस्मी म्हणजे वास.
नाकातले तंतू तापात जळतात, पुन्हा फुटतात,
पण अंधारात भलत्याच दारात शिरतात.
चहा निघतो घरी यायला
आणि पोचतो टायरच्या दुकानात.

येताना तो शब्द खिशात खडखडत होता.
शाळेत कुंभोजकर सर सांगायचे,
घाण हा शब्द मुळात घ्राण,
साधं हुंगणं. वाटेत कुठंतरी र गळाला
आणि बिचाऱ्याचं नाव बद्दू झालं.
तेव्हा आम्ही मागच्या बाकावर
नाक दाबून हसलो होतो.

इलाही हमालाला समजावून सांगितलं,
पॅरा म्हणजे पर, पलीकडचं,
आणि पुढं वास.
तो पाठीवरचं पोतं न उतरवता म्हणाला,
"मग परवासच की वो!
नाक परवासाला गेलंय तुमचं. येईल."
मी हसलो.
मग तराजूशी उभा राहून बराच वेळ हसलो नाही.
वास म्हणजे गंध,
वास म्हणजे राहणंही;
दोघं एकाच खोलीत भाड्यानं,
आणि इतकी वर्षं मला पत्ता नाही.
घर जागच्या जागी होतं, दारावर पाटी तीच,
मीच परमुलखात, उंबऱ्याच्या आत.

बाईंनी चार बाटल्या दिल्या,
लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी.
दोन वेळा हुंगायचं
आणि पूर्वी कसं होतं ते आठवायचं.
मी विचारलं, आणि औषध?
म्हणाल्या, हेच.

पाचवी बाटली त्रिशलानं ठेवली.
मोरांब्याची, घट्ट झाकणाची,
आत तिच्या जुन्या पातळाची चिंधी.
चिकटपट्टी नाही, नाव नाही.
मीही विचारलं नाही.

यार्डात आता हळकुंड कानाशी धरून मोडतो.
कट्कन वाजलं तर वाळलंय.
भाव चुकतो अधूनमधून.
लोक सांभाळून घेतात;
दोघं-तिघं साधूनही घेतात.

काल रात्री पाचवी उघडली.
गंज होताच.
पण गंजाच्या मागं, लांब,
नदीपलीकडं कुणी भांडी घासावीत
आणि आवाज वाऱ्यानं अर्धाच यावा, तसं
शिकेकाईचं, की राखेचं, की नुसत्या उबेचं काहीतरी
आलं, गेलं.
झाकण लावलं. पुन्हा काढलं.
"दिवा मालवू का?" तिनं विचारलं.
म्हटलं, असू दे जरा,
कुणीतरी सांगलवाडीपर्यंत आलंय.